बातमीदार

‘बातमीदार’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांहून जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, तेव्हा हा शब्द दरबारी आणि लष्करी व्यवहारात चांगला मुरलेला होता. त्याचा अर्थ मात्र वेगळा होता. शत्रूच्या मुलखात किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दरबारात राहून तिथली हालचाल आपल्या धन्याला कळवणारा तो बातमीदार. पुढे छापील पत्रासाठी गावोगावची हकीकत कळवणाऱ्यालाही हेच नाव मिळाले. नवा अर्थ आला म्हणून जुना मात्र मागे हटला नाही. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या कोणत्याही वर्तमानपत्रातली गुन्हेविषयक बातमी पाहिली, तर ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीनुसार पोलिसांनी सापळा रचला’ अशा धाटणीचे वाक्य आजही हमखास सापडते. ते वाक्य लिहिणाराही बातमीदारच असतो. एकाच बातमीत एकाच नावाची दोन माणसे असतात: एक ठाणे अंमलदाराला सांगणारा, दुसरा वाचकाला सांगणारा.

शब्दाची घडण पाहिली तर ‘बातमी’चे नाते ‘बात’शी आहे, आणि ‘बात’ ही संस्कृत ‘वार्ते’पासून प्राकृतातून घासून आलेली. तिला ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागला. सुभेदार, फौजदार, हवालदार, ठाणेदार या सगळ्या अधिकारवाचक शब्दांत तोच आहे. म्हणजे नावातच हुद्द्याचा वास आहे: बातमी बाळगणारा, ती ज्याच्या जिम्म्याची आहे असा माणूस. ‘वार्ताहर’ हा शब्द संपूर्ण संस्कृत. हर म्हणजे वाहून नेणारा. वार्ताहर म्हणजे निरोप्या. वरवर पाहता एक शब्द राज्यकारभारातला आणि दुसरा पंडिती वाटतो, पण दोघांच्या पोटात ‘वार्ता’ एकच आहे. ‘वार्ता’ ज्या ‘वृत्’ धातूपासून आली, त्याच धातूचे ‘वर्तमान’ म्हणजे चालू असलेले आणि ‘वृत्त’ म्हणजे घडून गेलेले. वर्तमानपत्र आणि वृत्तपत्र या दोन शब्दांत फरक आहे तो एवढा काळाचा. एकोणिसाव्या शतकात पहिला रूढ होता, विसाव्या शतकात दुसऱ्याने छापील भाषेत त्याची जागा बरीचशी घेतली. बोलण्यात मात्र दोन्ही मागे पडून ‘पेपर’ उरला. त्याच्याबरोबर आलेला ‘पेपरवाला’ घरोघर अंक टाकणाऱ्याला लागतो, आणि दुर्घटनेच्या जागी ‘पेपरवाले आले’ असे कोणी म्हणाले की तो बातमीदारालाही लागतो.

राज्यकारभारातल्या बातमीच्या पाठीमागे एक मोठी यंत्रणा होती. मोगलांच्या दरबारी वाकेनवीस आणि अखबारनवीस असत. ‘वाकेनवीस’चा मराठी ‘वाकनीस’ झाला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्रिपदावर असलेले दत्ताजी त्र्यंबक हे वाकनीस म्हणून ओळखले जात. नोंद ठेवणारा वाकनीस, पत्र पोचवणारा जासूद किंवा कासीद, आणि मुळात बातमी काढणारा बातमीदार अशी कामाची वाटणी होती. कल्याण आणि ठाणे हा टापू या कामासाठी फार मोलाचा. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, ती खाडी आणि घाटमार्ग हाती येण्यासाठी. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत या खाडीने तीन सत्ता पाहिल्या. अशा सीमेवर पलीकडच्या काठावर किती गलबते लागली, किल्ल्यात दारूगोळा किती, कोणता अधिकारी बदलला, याची खबर ठेवणे हे राज्य राखण्याइतकेच गरजेचे होते.

ठाण्याच्या ज्या किल्ल्याचे इंग्रजांनी कारागृह केले, तिथेच बातमी पोचवण्याची एक विलक्षण घटना घडली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या प्रकरणात पेशव्यांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या ताब्यात आला आणि त्याला ठाण्याला ठेवण्यात आले. कोणी त्याच्याशी संधान बांधू नये म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता, आणि हीच दक्षता उलटली. एका अधिकाऱ्याकडे चाकरीला राहिलेला मराठा मोतद्दार खिडकीखालून घोडा फिरवताना गाणी म्हणत असे. सुटकेची सारी योजना त्या गाण्यांतून कैद्याच्या कानी गेली. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. बिशप हेबर काही वर्षांनी या भागात आला, तेव्हा ही हकीकत लोकांच्या तोंडी होती, आणि त्याने ती लिहून ठेवली. गाण्याच्या तपशिलात लोककथेचा रंग किती मिसळला असेल तो असो. ‘बातमीदार’ या शब्दाचा जुना अर्थ इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा प्रसंग ठाण्याच्या इतिहासात नाही. बातमी इथे एका माणसासाठी होती, आणि ती इतरांना कळू नये यातच तिची किंमत होती.

छापील पत्राने नेमकी हीच गोष्ट उलटी केली. पण हा बदल एका झटक्यात झाला नाही; मधला पूल होता पत्राचा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘वर्तमान’ हा शब्द खबर या अर्थी पानोपानी येतो. कुशल कळवून झाले की ‘इकडील वर्तमान’ सुरू होई. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्या पत्रव्यवहारात वसईच्या मोहिमेचे वर्तमान असेच आले आहे. म्हणून ‘वर्तमानपत्र’ हा शब्द जन्मला तेव्हा तो ऐकणाऱ्याला फारसा परका वाटला नसणार. वर्तमान असलेले पत्र, फक्त ते एकाऐवजी अनेकांना धाडलेले. ते चालवणारा ‘पत्रकर्ता’, आणि वाचक मजकूर पाठवत तो ‘वर्तमानपत्रकर्त्यांस’ उद्देशून. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये आली तीही पत्रांच्याच रूपात. बातमीच्या माथ्यावर गाव आणि तारीख घालण्याची रीत पत्राच्या शिरोभागासारखीच आहे. आरंभीच्या मराठी पत्रांना पगारी बातमीदार परवडणारे नव्हते. इंग्रजी पत्रांतून घेतलेला मजकूर आणि गावोगावच्या लिहित्या वाचकांची पत्रे यांवर अंक भरे. परगावच्या अशा नियमित पत्रलेखकाला पुढे ‘आमचे अमुक गावचे बातमीदार’ म्हटले जाऊ लागले. हेराचे नाव असे शाळामास्तराला आणि वकिलाला लागले, ही मराठीतल्या अर्थबदलांपैकी एक मोठी देखणी गोष्ट आहे.

ठाण्यात हा बदल ‘अरुणोदय’बरोबर आला. काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये हे साप्ताहिक सुरू केले. त्यापाठोपाठ ठाण्यातून ‘सूर्योदय’ आणि ‘हिंदुपंच’ही निघू लागले. मुंबईपासून वीस-बावीस मैलांवरच्या गावाला स्वतःची पत्रे कशाला हवीत, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला असता तर रास्तच ठरला असता. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत गेली. मुंबईचे पत्र ज्या दिवशी निघे त्याच दिवशी ते ठाण्यात उतरवणे त्यामुळे शक्य झाले होते. या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या आकारात आहे. तेव्हाचा ठाणे जिल्हा डहाणूच्या किनाऱ्यापासून मुरबाड-शहापूरच्या डोंगरापर्यंत पसरलेला होता आणि साष्टी बेटही त्यात होते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. या मुलखाचे प्रश्न मुंबईच्या पत्रांना दूरचे. जंगलाच्या हक्कांवरून असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. कलेक्टर कचेरी ठाण्यात, न्यायालय ठाण्यात, तुरुंग ठाण्यात. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातला माणूस कधी ना कधी कामासाठी ठाण्याला येणारच. जिल्ह्याचे पत्र निघायला हीच जागा योग्य होती. वाचकवर्गही घडत होता: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, आणि वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले ते १८९३ मध्ये.

बातमी लोकांकडे जाऊ लागली, तरी तिची जुनी वाट बंद झाली नव्हती. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करून अंकावर आपले नाव छापावे लागे. पुढच्याच वर्षापासून मुंबई सरकारने देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला काढवून घ्यायला सुरुवात केली. ‘अरुणोदय’चे उतारे त्यांत भेटतात. हे काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे नाव होते ‘रिपोर्टर ऑन द नेटिव्ह प्रेस’. एका बाजूला रयतेला वर्तमान सांगणारा ठाण्याचा बातमीदार, दुसऱ्या बाजूला त्या बातमीदाराचे वर्तमान सरकारला सांगणारा सरकारी रिपोर्टर. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतील पत्रांवर जामीनकीची टांगती तलवार ठेवली. रिपनच्या काळात १८८२ मध्ये तो मागे घेतला गेला. ज्या सारांशांचा हेतू पाळत ठेवण्याचा होता, तेच आज त्या पत्रांच्या अभ्यासाचे मोठे साधन झाले आहे.

विसाव्या शतकात ‘बातमीदार’ला दोन नवे सोबती मिळाले आणि तिघांत एक उतरंड तयार झाली. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला तो मतापेक्षा बातमीला अग्रमान देऊन, आणि गावोगाव बातमीदार नेमून. केसरीच्या पठडीत अग्रलेख हा पत्राचा प्राण होता; इथे गावचा बाजारभाव आणि नगरपालिकेची सभा यांनाही जागा मिळाली. बातमीदारी हे नियमित काम झाले, तसा कोण पूर्णवेळ आणि कोण अर्धवेळ हा भेद आला. मराठी वृत्तपत्रांच्या कचेरीत ‘वार्ताहर’ हा शब्द साधारणपणे परगावच्या, मानधनावर काम करणाऱ्या माणसासाठी राहिला. पगारी माणूस ‘प्रतिनिधी’. त्याच्यावर ‘खास’ किंवा ‘विशेष प्रतिनिधी’. प्रतिनिधी हाही मराठेशाहीने परिचित करून दिलेला शब्द: छत्रपती राजारामांनी जिंजीत प्रल्हाद निराजींना दिलेले पद त्याच नावाचे होते. धन्याच्या जागी उभा राहणारा तो प्रतिनिधी. वृत्तपत्राच्या प्रतिनिधीच्या शब्दाला पत्राचा शब्द मानतात, तो याच अर्थाने. वार्ताहर मात्र व्युत्पत्तीने निरोप्या, आणि मानानेही पुष्कळदा निरोप्याच ठेवला गेला. ज्याच्या जिवावर तालुक्याचे पान भरते त्याला उतरंडीत सर्वांत खाली बसवावे, यात न्याय नव्हता.

ठाणे-कल्याणच्या वार्ताहराचे काम मुंबईच्या दैनिकांमुळे वाढले. ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये सुरू झाला, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये. या पत्रांचे वाचक रोज लोकलने मुंबईला जाणारे, राहणारे मात्र ठाणे, डोंबिवली, कल्याणचे. त्यांना मंत्रालयाइतकीच आपल्या गल्लीतल्या नळाची बातमी हवी होती. वार्ताहर हा बहुधा शिक्षक, वकील, कारकून किंवा सार्वजनिक कार्यकर्ता. सभा संपली की कागदावर बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि ते पाकीट मुंबईला पोचते करायचे. महत्त्वाचे असेल तर तार किंवा फोन. पुढे फॅक्स आला, मग संगणक, आणि आता सारे मोबाइलवर. पाकिटाच्या दिवसांत शब्द जपून लिहावा लागे, कारण उपसंपादकाला शंका विचारायला माणूस समोर नसे; लिहिलेलेच काय ते बोलणार.

कायद्यानेही या नावांची दखल घेतली. श्रमिक पत्रकारांसाठीच्या १९५५ च्या कायद्यात संपादक, अग्रलेखक, उपसंपादक यांच्याबरोबर ‘रिपोर्टर’ आणि ‘करस्पाँडंट’ वेगवेगळे मोजले होते. मराठीत त्यांचे बातमीदार आणि वार्ताहर झाले. पण या साऱ्यांना कवेत घेणारा शब्द ठरला तो ‘पत्रकार’. संघटनांनी तोच घेतला: १९३९ ची मराठी पत्रकार परिषद, १९४१ चा मुंबई मराठी पत्रकार संघ, आणि पुढे ठाण्यातले जिल्हा व शहर पातळीवरचे संघ. ‘दर्पण’चा दिवस म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारीला पाळला जातो तोही पत्रकार दिन. सरकारदरबारी ‘अधिस्वीकृतीधारक पत्रकार’ असतो, ‘अधिस्वीकृतीधारक बातमीदार’ असे कोणी म्हणत नाही. जुन्या ‘पत्रकर्त्या’चा अर्थ संपादक एवढाच होता, ‘पत्रकार’ने पत्रासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या नावात जागा दिली. त्यात समता आहे, आणि एक तोटाही. पत्रकार म्हटल्याने माणूस नेमके काय करतो हे कळत नाही. बातमीदार म्हटल्याने कळते.

स्थानिक दैनिकांनी हा शब्द जवळ ठेवला. नरेंद्र बल्लाळ यांनी १९७५ मध्ये ‘ठाणे वैभव’ सुरू केला. ठाण्यातलेच ‘सन्मित्र’ही अनेक वर्षे वाचकांच्या सवयीचे. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली, १९८३ मध्ये कल्याणची. पाणीपट्टी, पूररेषा, अनधिकृत इमारती, खाडीवरचे पूल अशा विषयांना वर्षभर पुरेल एवढे काम या दोन पालिकांनी बातमीदाराला दिले. मुंबईच्या दैनिकांनीही मग ‘ठाणे वृत्तान्त’, ‘हॅलो ठाणे’ अशा पुरवण्या काढल्या. एकेकाळी मुंबईच्या पत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत बसणाऱ्या कल्याणला आपले पहिले पान मिळाले. उलट दिशेनेही वाहतूक झाली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ जानेवारी २०१४ मध्ये पडलेला हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता या बातम्या सुरुवातीला गल्लीच्याच होत्या. स्थानिक बातमीदार जागेवर पोचला म्हणून त्या राज्यभर गेल्या, आणि रस्ता पाहायला मुख्यमंत्र्यांना डोंबिवलीत यावे लागले.

शब्दाचा खरा वापर त्याच्या सोबतच्या क्रियापदांत दिसतो. बातमी ‘काढतात’, ती ‘फुटते’, ‘पेरतात’, ‘दाबतात’. चुकली तर ‘हुकली’ म्हणतात. यांतली पुष्कळशी क्रियापदे गुप्तपणाच्या जुन्या जगातली आहेत आणि छापखान्यात तशीच्या तशी उतरली. ‘लागणे’ हे त्यांतले सर्वांत बोलके. ‘पोलिसांना बातमी लागली’ म्हणजे कुणकुण लागली. ‘पेपरात बातमी लागली’ म्हणजे छापून आली. पहिल्या वाक्यात ती एकाच्या कानी पोचते, दुसऱ्यात सगळ्या गावाच्या. ‘आमची एवढी बातमी लावा’ ही गणेशोत्सव मंडळापासून शाळेपर्यंत सर्वांची विनंती या दुसऱ्या अर्थाची, आणि ‘खबऱ्या’ हा शब्द फक्त पहिल्या अर्थाचा. पोलिसांच्या कागदावर प्रथम खबर असते. वृत्तपत्रात मात्र खबर क्वचितच, बातमीच.

वृत्तवाहिन्यांनी ‘रिपोर्टर’ रूढ केला. ‘स्ट्रिंगर’ आणि ‘बीट’ हे शब्द कचेरीच्या बोलीत मराठीच झाले आहेत. महापालिकेचे बीट, रेल्वेचे बीट, क्राइमचे बीट अशी कामाची वाटणी असते. बातमीच्या माथ्यावर पूर्वी येणारे ‘वार्ताहर, डोंबिवली’ हळूहळू मागे पडून तिथे पत्राच्या नावाने चालणारी ‘वृत्तसेवा’ किंवा ‘न्यूज नेटवर्क’ आले, किंवा थेट लिहिणाऱ्याचे नाव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा झाल्यावर ‘जिल्हा वार्ताहर’ म्हणवणाऱ्याचा मुलूखही निम्म्यावर आला. संघटनांची पाटी ‘पत्रकारां’ची आहे आणि ओळखपत्रावर ‘प्रतिनिधी’ असते. पण पत्रांच्या अंतर्गत व्यवहारात, मुख्य बातमीदार, गुन्हे बातमीदार, पालिका बातमीदार या कामांच्या नावांत, जुना शब्द अजून चालू आहे.